मुंबईतल्या अंगणवाडीची वजन-उंची तपासणी: काटा बरा, उंची मात्र बाजूला उभं राहून मोजून घ्या

मुंबईत सहा वर्षांखालच्या मुलाचं वजन आणि उंची दर महिन्याला, एक पैसा न घेता, घरापासून चार गल्ल्यांवर मोजून देणारी जागा म्हणजे अंगणवाडी. गोवंडीच्या शिवाजीनगरपासून मालाडच्या मालवणीपर्यंत वस्तीवस्तीत, बहुतेक ठिकाणी भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती चालते. तिथल्या गाण्या-गोष्टींबद्दल किंवा अक्षरओळखीबद्दल इथे काही लिहिलेलं नाही. हे परीक्षण फक्त वाढीच्या तपासणीचं आणि तिच्यासोबत मिळणाऱ्या आहाराचं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. वजन बहुतेक ठिकाणी ठीक होतं, उंची पुष्कळदा उरकली जाते, आणि आहाराचं पाकीट जवळपास सगळ्यांना सारखंच असल्यामुळे उंची चुकली की घरी दिला जाणारा सल्लाही चुकतो. सेवा घ्यावीच. फक्त उंची मोजताना बाजूला उभं राहावं.

उंचीवर एवढा जोर का, ते आकड्यांतच पाहू. तेवीस महिन्यांचा मुलगा आहे, वजन १२.५ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांनुसार या वयाच्या मुलाचं मधलं वजन साधारण १२ किलो. म्हणजे वयानुसार वजनाच्या तक्त्यावर ठिपका हिरव्या पट्ट्यात, अगदी मधोमध. सेविका खूश, आई खूश. आता त्याला पाटावर झोपवून लांबी मोजा. ती भरते ७९ सेंमी. या वयाला मधली लांबी ८७ च्या आसपास आणि खालची मर्यादा ८१ च्या आसपास, तेव्हा हा मुलगा खुजा आहे. आणि ७९ सेंमी लांबीच्या मुलासाठी जास्त वजनाची रेषा १२ किलोच्या किंचित वर आहे, म्हणजे तो जाडही आहे. एकाच अंगात दोन्ही टोकं, आणि नुसतं वजन पाहणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत. कुपोषणाचा दुहेरी भार म्हणतात तो गरीब देशांतल्या लहान मुलांमध्ये असाही दिसतो. एका गल्लीत लुकडं मूल आणि शेजारच्या गल्लीत जाडं मूल, एवढंच त्याचं रूप नाही.

जगाचा हिशेब सांगायचा तर २०२२ मध्ये पाच वर्षांखालची सुमारे १४.८ कोटी मुलं खुजी, ४.५ कोटी लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि ३.७ कोटी जास्त वजनाची होती. आपल्याकडे महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत खुजी ३५.२ टक्के, लुकडी २५.६ टक्के आणि जास्त वजनाची ४.१ टक्के निघाली. ४.१ हा आकडा लहान वाटेल, पण आधीच्या २०१५-१६ च्या फेरीत तो १.९ होता. दरम्यान खुजी मुलं कमी झाली नाहीत. उलट तो आकडा ३४.४ वरून किंचित वरच सरकला. एक दुखणं मागे हटायच्या आत दुसरं येऊन बसलं.

आता साहित्य. पोषण अभियान २०१८ मध्ये सुरू झालं, त्यात अंगणवाड्यांसाठी चार उपकरणं ठरवली गेली: तान्ह्या बाळांचा काटा, आई-बाळाचा उभा काटा, झोपवून लांबी मोजायचा पाट आणि उभं करून उंची मोजायचा खांब. चारही चांगली आहेत. जुन्या लटकत्या झोळीच्या काट्यापेक्षा डिजिटल काटा कितीतरी बरा. झोळीत मूल रडून हात-पाय झाडायचं आणि काटा नाचत राहायचा.

वजनाला आम्ही पाचपैकी चार देतो. चुका ठरलेल्या आहेत आणि टाळता येण्यासारख्या आहेत. काटा सपाट, कडक लादीवर हवा. चटईवर किंवा सतरंजीवर ठेवला की तो चुकीचं वजन दाखवतो. मूल ठेवण्याआधी शून्य दिसलं पाहिजे. स्वेटर, बूट, जड पैंजण-वाळे काढावेत आणि डायपर तर काढावाच. ओला डायपर सहज दोन-अडीचशे ग्रॅमचा असतो, आणि दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला वाढतं तेही साधारण दोनशे ग्रॅमच. म्हणजे एका ओल्या डायपरने महिनाभराची वाढ खोटी उभी राहते. मूल एकटं उभं राहत नसेल तर आईने आधी काट्यावर चढावं, सेविकेने आकडा शून्य करावा आणि मग मूल आईच्या हातात द्यावं. पडद्यावर उरतं ते मुलाचं वजन. घाईत आईला मुलासकट चढवतात आणि मग दोन आकड्यांची वजाबाकी तोंडी होते. तिथे चूक झाली नाही तरच नवल. काट्याचे सेल उतरले की आकडे भलतेच येतात, आणि नवे सेल कोणी आणायचे हा प्रश्न पुष्कळ केंद्रांत महिनोन्‌महिने पडून राहतो. अशा वेळी मेडिकलबाहेरच्या काट्यावरचा आकडा वहीत चढवण्यापेक्षा त्या महिन्याचा रकाना रिकामा सोडलेला बरा.

उंचीला पाचपैकी दोन, तेही सेविकेची अडचण ध्यानात घेऊन. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायचं आणि दोन वर्षांवरच्याला उभं करून. झोपवून मोजायला दोन माणसं लागतात, यात सूट नाही. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, मुलाची नजर सरळ छताकडे हवी. दुसऱ्याने गुडघे हलक्या हाताने खाली दाबून दोन्ही पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना टेकवून मिलिमीटरपर्यंत आकडा वाचायचा. सेविका एकटी असली की डोकं सुटतं, गुडघा वाकतो आणि मूल दोन-तीन सेंमीने आखूड होतं. मदतनीस भाताच्या पातेल्यापाशी असते. तेव्हा आईनेच विचारावं, ‘ताई, मी डोकं धरू का?’ सेविका नाही म्हणत नाहीत.

उभं मोजताना टाचा, पोटऱ्या, ढुंगण, खांदे आणि डोक्याची मागची बाजू खांबाला लागली पाहिजे, नजर समोर. आंबाडा, दोन शेंड्या, जाड क्लिप सोडवून घ्यावी. दहा बाय दहाच्या खोलीत सरळ, मोकळी भिंत मिळणं हीच खरी अडचण. एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीला धान्याच्या कोठ्या, तिसऱ्या भिंतीला माळ्याची शिडी. खांब कोपऱ्यात कलता उभा राहतो आणि कललेला खांब उंची चुकीची दाखवतो. लादीला उतार असेल तरी तेच.

अजून एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच ठिकाणी राहून जाते. मूल झोपवलं की उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंमी लांब भरतं. दीड वर्षाचं मूल पाटावर झोपायला तयारच नाही म्हणून उभं मोजलं, तर आलेल्या आकड्यात ०.७ मिळवायचे. अडीच वर्षांचं उभं राहीना म्हणून झोपवलं, तर ०.७ वजा करायचे. हे केलं नाही तर दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास मूल अचानक ‘आखूड’ झाल्यासारखं दिसतं.

उंचीतली चूक किती महागात पडते? ८० सेंमीच्या आसपास दोन सेंमी इकडेतिकडे झाले की त्या उंचीला अपेक्षित वजन सुमारे चारशे ग्रॅमने बदलतं. तेवढ्यात लुकडं मूल ठीक ठरतं किंवा ठीक मूल ‘मॅम’मध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत, जातं. त्यामुळे नोंद झाल्यावर मागच्या तीन महिन्यांचे उंचीचे आकडे सेविकेला फोनवर दाखवायला सांगा. पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या मधे मूल सुमारे बारा सेंमी वाढतं, म्हणजे महिन्याला साधारण एक. उंची कमी होत नाही, एका महिन्यात तीन सेंमीही वाढत नाही. प्रत्येक आकडा ७५, ७८, ८० असा गोल दिसला, किंवा दर महिन्याला बरोबर एक सेंमी वाढलेला दिसला, तर पट्टी न लावता लिहिलं गेलं असण्याचा दाट संशय घ्यावा. भांडू नये, पुन्हा मोजून घ्यावं.

२०२१ पासून नोंदी पोषण ट्रॅकर या अॅपमध्ये होतात. अॅपचं काम चोख आहे: वय, वजन आणि उंची घातली की वयानुसार वजन, वयानुसार उंची आणि उंचीनुसार वजन हे तिन्ही हिशेब ते स्वतः करतं. पूर्वी सेविकेला तक्त्यावर बोटाने रेषा शोधावी लागायची. पण अॅप पट्टी धरत नाही, घातलेला आकडाच खरा मानतं. शिवाय महिन्याच्या बैठकीत विचारलं जातं ते ‘सॅम (तीव्र कुपोषित) किती, मॅम किती’. जास्त वजनाचं मूल त्या चर्चेत येतच नाही. त्याच्यासाठी ना वेगळं पाकीट आहे ना वेगळी गृहभेट. म्हणून आईने तिन्ही शेरे विचारून कार्डावर पेनाने लिहून घ्यावेत. ‘वजन बरोबर आहे’ एवढ्यावर उठू नये.

दंडाचा घेर मोजायच्या रंगीत पट्टीबद्दल थोडक्यात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून मोजायचा. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे सॅम, ११.५ ते १२.५ म्हणजे मॅम. जीव धोक्यात असलेलं मूल पटकन हेरायला हिच्याइतकं स्वस्त साधन नाही. मात्र खुजेपणा आणि जाडी तिला कळत नाही. हिरवा रंग आला याचा अर्थ आज धोका नाही, इतकाच. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला तर मात्र कुठलाही आकडा बघत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. अशा मुलांसाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं पोषण पुनर्वसन केंद्र आहे. तिथे शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि सूक्ष्म पोषकांचं औषधी मिश्रण दिलं जातं.

हे मिश्रण फार उत्तम आहे आणि म्हणूनच चुकीच्या मुलाला देऊ नये. या प्रकारच्या पेस्टमध्ये शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी असतात. सॅम मुलाला त्या हव्यातच. पण जे मूल खुजं आहे आणि उंचीच्या मानाने वजन ठीक आहे, त्याला ही पेस्ट किंवा तूप-साखरेचा मारा दिला तर उंची वाढत नाही, पोट वाढतं. हाडं आणि स्नायू वाढायला प्रथिनं, जस्त, लोह आणि जुलाब-खोकल्यापासून मोकळे महिने लागतात.

आपल्या मुलांत चरबीकडे झुकण्याची खोडही जन्माआधीपासूनची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पण पाठीवरची त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी वजनाच्या बाळाला ‘गुटगुटीत’ करायची घाई म्हणूनच जपून करावी.

आता पाकीट. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार मिळतो, तीन ते सहाच्या मुलांना केंद्रात गरम ताजा आहार, बहुतेक ठिकाणी बचत गटाने शिजवलेली खिचडी, उसळ-भात किंवा लापशी. २०२३ मध्ये नियम बदलेपर्यंत ठरलेलं प्रमाण होतं दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, सॅम मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून ३०० दिवस. यासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये, सॅमसाठी १२ रुपये. मुंबईत आठ रुपयांत फार तर एक अंडं येतं. त्या पैशांत हे जमवतात हे कौतुकाचं खरं, पण त्यामुळेच पाकीट धान्यावर आणि गोडावर रेलतं. उंची वाढवणारं अंडं, दूध आणि मासे त्यात बसत नाहीत. अंडी देणारी अमृत आहार योजना आदिवासी भागांसाठी आहे, मुंबईच्या वस्त्यांना ती लागू नाही. आहाराला पाचपैकी तीन.

पाकीट वापरताना होणारी मोठी चूक म्हणजे पातळ पेज. मुलाचं पोट मुठीएवढं, त्यात पाणीच जास्त गेलं तर कॅलरी कुठून जाणार? चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळू नये इतकं घट्ट शिजवावं. दुसरी चूक, पाकीट घरातल्या चौघांत वाटलं जाणं. ते कुटुंबाच्या नाश्त्याला नाही, त्या एका मुलासाठी आहे. ज्याच्या नावावर निघालं त्याची वाटी वेगळी ठेवावी.

आणि मग प्रत्येक मुलाचं गणित वेगळं. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर शिजलेल्या वाटीत चमचाभर तेल किंवा दाण्याचं कूट घालावं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं द्यावं. खुजं पण वजन ठीक असेल तर तेल-साखर न वाढवता रोज एक अंडं, घट्ट वरण, दही किंवा सुकटीचं कालवण. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. खुजं आणि जाड असेल तर उपाशी मात्र ठेवायचं नाही आणि अंगावरचं दूधही तोडायचं नाही. बिस्किट, फरसाण, वेफर, गोड पेय आणि चहा बंद, पाकिटातली लापशी करताना वरून साखर नाही, वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. दूध जास्त झालं की जेवण मागे पडतं आणि लोह कमी पडतं. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली होती, आणि त्यांत अंगाने भरलेली मुलंही असतात.

दुकानातल्या पाकिटाचा हिशेब एकदा करून पाहावा. एक ते दोन वर्षांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० कॅलरी लागतात. पन्नास ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत सव्वादोनशेच्या आसपास जातात. म्हणजे दिवसाच्या भुकेचे चाळीस टक्के खर्च, आणि बदल्यात मैदा, साखर आणि तेल. सकाळी चहात बुडवून बिस्किट खाल्लेलं मूल अकराच्या खिचडीला तोंड फिरवतं, आणि सेविकेच्या वहीत शेरा पडतो ‘आहार घेत नाही’. वस्तीत कॅलरी स्वस्त आहे, प्रथिन महाग आहे, आणि पाच रुपयांचं पाकीट अंगणवाडी बंद झाल्यावरही मिळतं. कामावर जाणाऱ्या आईला दोष देण्यात काही अर्थ नाही. सकाळच्या भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं किंवा भाजलेले शेंगदाणे कुटून गुळाशिवाय डब्यात ठेवता आले तर दुपारपर्यंत निभावतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

जायचं कधी? केंद्र उघडल्यावर पहिल्या तासात, खिचडी वाटायच्या आधी. तेव्हा मदतनीस मोकळी असते, म्हणजे लांबीसाठी दुसरं माणूस मिळतं. कार्ड आणि जन्मदाखला बरोबर न्यावा. जन्मतारीख एका महिन्याने चुकली तरी खुजेपणाचा शेरा बदलू शकतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर तेही सांगावं, दोन वर्षांपर्यंत त्याचं वय तेवढं कमी धरायचं असतं.

२०२५ पासून घरपोच आहार देताना आईचा चेहरा फोनवर ओळखून घेतात, आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. नंबर नवऱ्याच्या फोनचा असेल आणि तो वसईच्या कामावर असेल, तर पाकीट अडतं. नंबर बदलून घ्यावा. मे महिन्यात गावी जाणार असाल तर जाण्याआधी सेविकेला सांगून नोंद तिकडच्या अंगणवाडीत हलवून घ्यावी, अॅपमध्ये तशी सोय आहे. नाहीतर दोन महिने वजन-उंची कोरी राहते, आणि तिकडे नव्याने नाव घातलं की एका मुलाच्या दोन नोंदी होतात.